निवृत्त श्वानसैनिकाचे घर

केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ‘वस्तू’ कशाला म्हणावे हे सांगितलेले आहे. २०१७ च्या नियमावलीतील १४३ क्रमांकाचा नियम पाहावा. सरकारी उपयोगासाठी खरेदी केलेले वा अन्य मार्गाने मिळवलेले साहित्य, माल, पशुधन, फर्निचर, सुटे भाग, उपकरणे, यंत्रसामग्री या सर्वांचा समावेश त्या एकाच शब्दात होतो. पुढे २१७ व्या नियमात या वस्तूंची विल्हेवाट कशी लावावी ते येते. एखादी वस्तू खात्याला यापुढे उपयोगाची नाही असे ठरले, की ती अतिरिक्त, कालबाह्य किंवा निरुपयोगी म्हणून घोषित करता येते.

प्रशासनात तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला या नियमांत वावगे काही दिसत नाही. जिल्ह्यात काम करताना मोडक्या खुर्च्या, बंद पडलेल्या जीप, जुनी टंकलेखन यंत्रे यांच्या निर्लेखनाचे प्रस्ताव माझ्याकडे नियमाने येत. जडवस्तू नोंदवही तपासायची, समितीचा अहवाल पाहायचा आणि सही करायची. जनतेच्या पैशातून घेतलेली प्रत्येक वस्तू कोठे गेली याचा हिशेब राहिला पाहिजे आणि त्यासाठी हे नियम योग्यच आहेत. अडचण येते ती यादीतल्या एकाच शब्दापाशी: पशुधन. खुर्चीला आपले निर्लेखन झाल्याचे कळत नाही. नऊ वर्षे रस्त्यारस्त्याने स्फोटके हुंगत फिरलेल्या श्वानाला मात्र कामाची वेळ झाली आणि आज कोणी गळपट्टा घेऊन आले नाही, हे पहिल्याच दिवशी कळते.

लष्कराची स्वतःची वेगळी नियमपुस्तके आहेत, निमलष्करी दलांची वेगळी आहेत. परंतु विचाराची चौकट बरीचशी हीच राहिली. या चौकटीतून निवृत्त श्वानाला बाहेर काढण्याचे काम आपल्या देशात गेल्या दहा वर्षांत सुरू झाले आहे. ते अर्ध्यावर थांबले आहे असे माझे मत आहे, आणि उरलेले अर्धे काम प्रशासनाचे आहे, म्हणून हा लेख.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. भारतीय लष्करात श्वानांचे प्रशिक्षण मेरठ येथे, रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर या दलाच्या केंद्रात होते. तेथील श्वान प्रशिक्षण शाळा १९६० साली सुरू झाली. सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे १९७० पासून आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलाची शाळा बंगळुरूजवळ तरळू येथे आहे. स्फोटके शोधण्यासाठी बहुधा लॅब्रेडॉर, माग काढण्यासाठी व पहाऱ्यासाठी जर्मन शेफर्ड, आणि अलीकडे हल्ल्याच्या कामासाठी बेल्जियन मॅलिन्वा अशी कामाची साधारण वाटणी असते. प्रशिक्षण अनेक महिने चालते. या काळात श्वान एका हँडलरशी जोडला जातो आणि त्याच्याच हातून खातो, त्याच्याच शब्दावर उठतो-बसतो. आठ-नऊ वर्षांचा झाला की नाक अजून तल्लख असले तरी पाय साथ देत नाहीत. मग निवृत्ती येते. त्यानंतर निसर्गाने त्याला आणखी तीन-चार वर्षांचे आयुष्य दिलेले असते. प्रश्न त्या तीन-चार वर्षांचा आहे.

२०१५ पर्यंत लष्करात या प्रश्नाचे उत्तर सोपे आणि कठोर होते. सेवेस अयोग्य ठरलेल्या श्वानाला वेदनारहित मरण दिले जाई. माहितीच्या अधिकाराखाली विचारलेल्या एका प्रश्नाच्या उत्तरातून ही गोष्ट त्या वर्षी सर्वांसमोर आली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि आपण नवे धोरण आखत आहोत असे सरकारला तेथे सांगावे लागले. जुन्या पद्धतीच्या समर्थनार्थ दोन कारणे दिली जात: हे श्वान चुकीच्या हाती पडले तर सुरक्षेला धोका, आणि त्यांची योग्य निगा बाहेर कोणी राखू शकणार नाही. दोन्ही कारणे अगदीच पोकळ नव्हती. पण त्यांवरचा उपाय मरण हाच आहे का, हा प्रश्न फायलीवर कोणी लिहिला नव्हता. तो एका सामान्य नागरिकाच्या अर्जाने लिहिला. माहिती अधिकाराच्या कायद्याने काय साधले असे विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

त्यानंतर भूमिका बदलली. असाध्य रोगाने पीडित असलेले श्वान सोडून इतरांना मारायचे नाही असे ठरले. मेरठ येथे निवृत्त श्वानांसाठी निवासाची सोय झाली आणि तेथून योग्य कुटुंबांना ते दत्तकही दिले जाऊ लागले. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी, २६ वर्षांच्या खंडानंतर, लष्कराचे श्वानपथक दिल्लीच्या राजपथावर संचलनात चालले. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिल्ली मेट्रोच्या सेवेतील सात श्वानांना रीतसर समारंभ करून, मानचिन्हे देऊन निरोप दिला आणि एका प्राणिसेवी संस्थेच्या स्वाधीन केले. २०२४ च्या मे महिन्यात मेरू नावाचा नऊ वर्षांचा निवृत्त लष्करी श्वान रेल्वेच्या वातानुकूलित प्रथम वर्गाच्या डब्यातून मेरठला गेला, त्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या घटना आहेत. पण सरकारी यंत्रणा एखाद्याला तिकीट काढून देते, तेव्हा तो मालडब्यातील सामान उरत नाही.

धारातीर्थी पडलेल्या श्वानांचा सन्मानही आता होतो. २०२२ च्या जुलैत बारामुल्ला येथे गोळी लागून मरण पावलेल्या ॲक्सेलचा मरणोत्तर उल्लेख लष्कराच्या शौर्य-उल्लेखांत झाला. त्याच वर्षी झूम, २०२३ मध्ये राजौरीत आपल्या हँडलरला वाचवताना गेलेली केंट, २०२४ मध्ये अखनूरला पडलेला फँटम, ही नावे देशभर पोचली. हे योग्यच झाले. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मेलेल्याचा सन्मान एका दिवसात पुरा होतो. जो जिवंत परत येतो, त्याला रोज दोन वेळा जेवायला घालावे लागते, सांधेदुखीचे औषध द्यावे लागते, रात्री दचकून उठला तर जवळ बसावे लागते. ही गोष्ट तीन-चार वर्षे चालते आणि तेथे कॅमेरे नसतात.

मुंबईच्या वाचकांना या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. १९९३ च्या स्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या जंजीर या लॅब्रेडॉरने तीन हजार किलोहून अधिक स्फोटके शोधून दिली. त्याला निवृत्ती लाभलीच नाही. २००० साली तो कर्करोगाने गेला आणि पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे मात्र निवृत्त झाले आणि विरार येथील एका प्राणिप्रेमी व्यक्तीच्या शेतावर एकत्र राहिले. २०१६ या एकाच वर्षात ते एकामागोमाग गेले. त्या चौघांची अखेरची वर्षे बरी गेली याचे समाधान आहे. पण ती बरी गेली एका खासगी व्यक्तीच्या कनवाळूपणामुळे. असा कनवाळू माणूस भेटला नसता तर काय झाले असते, याचे उत्तर नियमांत असायला हवे.

आता कुटुंबात गेलेल्या निवृत्त श्वानाचे काय होते ते पाहू. माझ्या परिचयाचे एक निवृत्त कर्नल आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पण नोकरी सारी उत्तरेत झाली आणि निवृत्तीनंतर तिकडच्याच एका छावणीच्या गावी घर बांधून राहिले. काही वर्षांपूर्वी त्यांनी एका सशस्त्र दलातून निवृत्त झालेला नऊ वर्षांचा काळा लॅब्रेडॉर दत्तक घेतला. माझे त्या गावी कामानिमित्त वरचेवर जाणे असे, त्यामुळे त्याचे बस्तान बसताना मला जवळून पाहता आले.

पहिले तीन दिवस तो जेवला नाही. वहिनींनी दूधभात केला, उकडलेले अंडे केले, पोळी कुस्करून दिली. तो ताटलीपाशी येऊन बसे, लाळ गळत असे, पण तोंड लावत नसे. आजारी असेल म्हणून पशुवैद्यांना बोलावले. त्यांनी तपासून सांगितले की, ताप नाही, पोट ठीक आहे. शेवटी कर्नलसाहेबांच्या लक्षात आले की तो कशाची तरी वाट पाहतो आहे. त्यांनी हिंदीत, इंग्रजीत जे जे शब्द सुचले ते म्हणून पाहिले आणि ‘खाओ’ म्हणताच ताटली दोन मिनिटांत रिकामी झाली. कोणाही अनोळखी माणसाने दिलेले अन्न आज्ञेशिवाय घ्यायचे नाही, हे त्याला वर्षानुवर्षे शिकवलेले होते. भुकेपेक्षा शिस्त मोठी ठरली. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तीन दिवस हा उपाशी राहिला तो एका शब्दासाठी. तो शब्द कागदावर लिहून द्यायला काय लागत होते?”

हा प्रश्न मी पुढे अनेक बैठकांत आठवला आहे. दत्तक देताना कर्नलसाहेबांना दोन कागद मिळाले होते: ताबा घेतल्याची पावती व हमीपत्र, आणि लसीकरणाचे कार्ड. श्वानाने कोणते काम केले, कोणत्या आज्ञा जाणतो, कोठे इजा झाली होती, कशाला बिचकतो, याविषयी एक ओळही नव्हती. प्रशासकीय दृष्टीने कागद परिपूर्ण होते. ताबा बदलला, नोंद झाली, जबाबदारी संपली.

हळूहळू बाकीच्या गोष्टी उलगडत गेल्या. दिवाणखान्यातल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरत, कारण त्याचे आयुष्य मातीत आणि सिमेंटच्या खोलीत गेले होते. मग वहिनींनी जुन्या सतरंज्या पसरून त्याच्यासाठी वाट तयार केली. कुकरची शिट्टी झाली की तो उठून दाराकडे पाही. सोफ्यावर तो कधीच चढला नाही. रात्री मुख्य दाराच्या आत, तोंड बाहेर करून झोपे. सकाळी बरोबर पाच वाजता तो कर्नलसाहेबांच्या पलंगापाशी येऊन उभा राही आणि फिरायला नेले की प्रत्येक मोरी, प्रत्येक कचराकुंडी, उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचे चाक तपासून पुढे सरके. अर्ध्या तासाची फेरी दीड तासाची होई. शेजारी विचारत की, हा एवढे काय शोधतो? कर्नलसाहेबांनी सैन्यात असताना अशा श्वानांमागून रस्ते चालून पार केले होते. ते म्हणत, “मी आज जिवंत आहे तो अशाच कोणीतरी मोऱ्या तपासल्या म्हणून. तपासू द्या.”

दिवाळीत पुण्याहून नातू आला. त्याच्या पिशवीत फटाके होते. श्वान त्या पिशवीपाशी गेला, एकदा हुंगले आणि शांतपणे खाली बसला. भुंकला नाही, पिशवीला पंजाही लावला नाही. नजर आधी पिशवीवर, मग कर्नलसाहेबांवर. वहिनींना वाटले की त्याला फराळातले काही हवे आहे. स्फोटके शोधणाऱ्या श्वानाला असेच शिकवलेले असते: दारूचा वास आला की हात न लावता बसायचे आणि हँडलरकडे पाहायचे. मग शाबासकी म्हणून खेळायला चेंडू मिळतो. सगळ्या कष्टाचे मोल तेवढेच. कर्नलसाहेब काही न बोलता आत गेले, नातवाचा टेनिसचा चेंडू घेऊन आले आणि अंगणात पंधरा मिनिटे त्याच्याशी खेळले. त्या रात्री शेजारी फटाके वाजू लागले तेव्हा मात्र तो न्हाणीघरात जाऊन थरथरत बसला. बाँब शोधणारा कुत्रा फटाक्यांना घाबरतो याचे मुलांना हसू आले. त्याचे सारे शिक्षण स्फोट होऊ नये यासाठी झाले होते, हे त्या मुलांना वहिनींनी समजावून सांगितले.

या घटनेनंतर कर्नलसाहेबांनी त्याला नवे काम दिले. लवंगांची एक पुरचुंडी रोज सकाळी बागेत लपवायची आणि त्याने ती शोधायची. पंधरा दिवसांत तो त्यात तरबेज झाला. दीड तासाची फेरी पाऊण तासावर आली, रात्रीची झोप सुधारली. निवृत्त श्वानाला विश्रांती हवी असते हा आपला समज अर्धाच खरा आहे. त्याच्या पायांना विश्रांती हवी असते, नाकाला काम हवे असते. निवृत्त माणसांविषयीही हे म्हणता येईल, पण तो वेगळा विषय आहे.

त्या घरातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढची आहे. सहा आठवड्यांनंतर एका ओळखीच्या माणसाकडून कर्नलसाहेबांना त्याच्या शेवटच्या हँडलरचा फोन नंबर मिळाला. तो जवान तेव्हा दुसऱ्या राज्यात तैनात होता. अर्ध्या तासाच्या बोलण्यात जे कळले ते दोन महिन्यांच्या निरीक्षणातून कळले नव्हते. मागचा डावा पाय थंडीत दुखतो, जिन्यावरून उडी मारू देऊ नका. रात्री अंगावर एखादी जुनी चादर टाका, त्याला सवय आहे. मोटारसायकलचा आवाज अचानक आला तर समोर उभे राहू नका, बाजूला उभे राहून नाव घ्या. हे सर्व ज्ञान एका जवानाच्या डोक्यात होते आणि व्यवस्थेने त्याला ते कधी विचारलेच नव्हते. फोन ठेवण्यापूर्वी त्याने एवढेच विचारले, “साहेब, त्याला भेटायला आलो तर चालेल ना?”

त्या जवानाची बाजूही समजून घेतली पाहिजे. हँडलरला श्वान दत्तक घेण्याचा पहिला हक्क द्यावा असे आपण सहज म्हणतो. पण श्वान नवव्या वर्षी निवृत्त होतो तेव्हा हँडलर बहुधा तिशीतला असतो आणि त्याची नोकरी पुष्कळ शिल्लक असते. तो बराकीत राहतो, दोन-तीन वर्षांनी बदली होते, कुटुंब गावी असते. हक्क दिला तरी तो वापरणार कसा? म्हणजे नुसता हक्क लिहून भागत नाही, तो वापरता येईल अशी सोयही लिहावी लागते. कुटुंब-निवासस्थान मिळालेल्या हँडलरला प्राधान्य देणे, किंवा गावाकडच्या घरी श्वान पाठवायचा असेल तर प्रवासाची व्यवस्था करणे, या गोष्टी अवघड नाहीत.

अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी पडतो. व्हिएतनाम युद्धात त्यांनी सुमारे चार हजार श्वान वापरले. परत आले ते दोनशेच्या आसपास. उरलेल्यांपैकी अनेक तेथेच सोडले गेले किंवा मारले गेले, कारण कागदोपत्री ते अतिरिक्त सामग्री होते. २००० सालच्या नोव्हेंबरात तेथे निवृत्त लष्करी श्वान दत्तक देण्याची मुभा देणारा कायदा झाला. तो रॉबी या श्वानाच्या नावाने ओळखला जातो, कारण त्याला घरी नेण्यासाठी त्याचा हँडलर धडपडत होता. कायदा झाला, पण रॉबी घरी जाऊ शकला नाही. २००१ च्या सुरुवातीला त्याचा अंत झाला. पुढे २०१५ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने परदेशात निवृत्त होणाऱ्या श्वानांना मायदेशी आणण्याची आणि हँडलरला प्राधान्य देण्याची तरतूद झाली. युद्धभूमीवरून आलेल्या श्वानांपैकी काहींना माणसांसारखाच मानसिक आघात होतो, हेही तेथील लष्करी पशुवैद्यांनी २०११ च्या सुमारास मान्य केले. कोणी श्वान आक्रमक होतो, कोणी अंग चोरून कोपऱ्यात बसतो, कोणी पूर्वी सहज केलेले काम नाकारतो. मात्र दत्तक गेलेल्या श्वानांच्या औषधोपचाराचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या संसदेनेही हात आखडता घेतला. व्यवस्था उभारा, पण सरकारी पैसा वापरू नका, अशी ती तरतूद होती. श्रीमंत देशातही माया खर्चापाशी थांबते.

मग आपल्यासारख्या देशाने खर्च का करावा, असा आक्षेप येणारच. जेथे माणसांच्या दवाखान्यात औषधे नाहीत तेथे कुत्र्यांचे काय घेऊन बसलात, असे मला एका बैठकीत ऐकवले गेले आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण हिशेब नीट करावा. वर्षाकाठी दत्तक जाणाऱ्या निवृत्त श्वानांची संख्या मुळात थोडी आहे. लष्कराकडे पशुवैद्यकीय रुग्णालये आहेत, आणि राज्यांकडे तालुक्यापर्यंत पोचलेले पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना चालते. निवृत्त श्वानाला एक ओळखपत्र देऊन याच दवाखान्यांची दारे उघडी ठेवायची म्हटली, तर नवी इमारत लागत नाही, नवे पद निर्माण करावे लागत नाही. लागते ते एक परिपत्रक.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. हल्ल्यासाठी तयार केलेला मॅलिन्वा लहान मुलांच्या घरात सोडावा का? बहुधा सोडू नये. प्रत्येक निवृत्त श्वान घरी जाण्याच्या योग्यतेचा नसतो, हे भावनेच्या भरात विसरता कामा नये. अशांसाठी मेरठसारख्या ठिकाणी, त्यांना समजणाऱ्या माणसांच्या सहवासात राहणे हेच घर आहे. कोण कोठे जावा हे ठरवण्यासाठी पशुवैद्य, प्रशिक्षक आणि हँडलर अशा तिघांनी बसून लेखी मत द्यावे. तसेच प्रत्येक इच्छुक कुटुंबही योग्य नसते. वीर श्वान आपल्या दारी बांधलेला असावा, पाहुण्यांना दाखवता यावा, एवढ्याच हौसेने येणाऱ्या अर्जदाराला नम्रपणे नकार द्यावा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांपैकी अनेकजण दिल्ली, मेरठ, झाशी, जबलपूर, बंगळुरू अशा छावण्यांच्या शहरांत वा त्यांच्या जवळपास आहेत. त्यांच्यापैकी कोणाला असा श्वान घरी आणावासा वाटला तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हा पाळीव पिलासारखा लगेच लळा लावणार नाही. त्याची दिनचर्या घड्याळावर चालते, ती पहिले काही महिने मोडू नये. त्याला समजणारे शब्द बदलू नयेत. मराठी तो हळूहळू शिकेल, परक्या मुलखात गेल्यावर आपणही तिथली भाषा अशीच शिकलो. झोपेत असताना त्याला स्पर्श करू नये, आधी हाक मारावी. लहान मुलांना त्याच्या ताटलीपासून दूर ठेवावे. त्याच्या औषधपाण्याचा खर्च वयाबरोबर वाढत जाईल याची मनाशी तयारी असावी. आणि तीन-चार वर्षांनी त्याला निरोप द्यावा लागेल, याचीही.

प्रशासनाकडून माझ्या अपेक्षा चारच आहेत. पहिली, वित्तीय नियमांत सेवेतील प्राण्यांसाठी ‘वस्तू’ या व्याख्येबाहेरचे स्वतंत्र प्रकरण असावे. खरेदीचा हिशेब जरूर ठेवावा, पण निवृत्तीला विल्हेवाटीचे कलम लावू नये. दुसरी, प्रत्येक श्वानाबरोबर त्याचे सेवापुस्तक जावे. माणसाच्या निवृत्तीवेतनाचा कागद सेवापुस्तकाशिवाय हलत नाही. श्वानाचे सेवापुस्तक दोन पानांचे असले तरी पुरे: आज्ञा, आहार, इजा, भीती, आवडीचे खेळणे. ते हँडलरने सांगावे आणि दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला समजेल अशा भाषेत द्यावे. तिसरी, हँडलरला श्वान सोपवताना काही दिवसांची कर्तव्यरजा द्यावी, म्हणजे तो स्वतः नव्या घरी जाऊन त्याला रुळवून येईल. चौथी, आजन्म औषधोपचार, आणि वर्षातून एकदा कोणीतरी जाऊन चौकशी करणे.

यांपैकी दुसऱ्या अपेक्षेला मी सर्वांत वरचे स्थान देतो. आपल्या व्यवस्थेचे एक जुने दुखणे असे आहे की, ती ताबा देते आणि ज्ञान देत नाही. धरणग्रस्तांना जमीन देते, पण ती कसायला कशी आहे हे सांगत नाही. बालगृहातून दत्तक मूल देते, पण त्याला रात्री कोणते गाणे म्हटले की झोप लागते हे तेथील ताईला कोणी विचारत नाही. बदली होऊन गेलेला अधिकारी किल्ल्या आणि शिक्के सोपवतो, गाव समजायला त्याला लागलेली दोन वर्षे त्याच्याबरोबरच जातात. पुनर्वसन हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. ज्याचे पुनर्वसन करायचे त्याच्याविषयी ज्याला सर्वांत जास्त ठाऊक आहे, त्याला विचारल्याखेरीज ते पुरे होत नाही. मग तो जवान असो, सेविका असो की कोतवाल.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात इंद्र युधिष्ठिराला रथात बसायला सांगतो आणि बरोबरच्या कुत्र्याला मागे सोडायला सांगतो. युधिष्ठिर नकार देतो. त्या कुत्र्याने वाट दाखवली होती, राखण केली होती, असे काही तो सांगत नाही. आपल्या आश्रयाला आलेल्याला टाकणे हे महापाप आहे, एवढेच तो म्हणतो. तो कुत्रा प्रत्यक्ष धर्म आहे हे त्याला त्या वेळी ठाऊक नव्हते. आपल्या संविधानातही, १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या ५१-क या अनुच्छेदात, सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. नागरिकांकडून जी अपेक्षा केली आहे ती शासनाने स्वतःकडूनही करावी. ज्या श्वानांना आपण स्वतः जन्माला घातले, शिकवले आणि धोक्याच्या वाटेवर आपल्या पुढे चालवले, ते तर आपल्याच आश्रयाचे आहेत. त्यांच्यासाठी दोन पानांचे सेवापुस्तक तयार करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. कोणत्याही दलाचा प्रमुख आपल्या अधिकारात उद्या सकाळी तसा आदेश काढू शकतो.